केवड्याचा फेस

"बाई, पाणी प्यायला जाऊ?"

"माठ भरलेला आहे ना आपला," मी फळ्याकडे तोंड ठेवूनच म्हटलं.

"आहे, पण..." भैरवीने ओजसकडे पाहिलं, ओजसने स्वतःच्या पायांकडे. "आजींकडचं जास्त गार असतं."

"माठापेक्षा?"

"हो," भैरवी म्हणाली. तिला खोटं बोलता येत नसे, म्हणून लगेच पुढे म्हणाली, "आणि आज त्यांनी पन्हं केलंय."

"जा," मी म्हटलं.

दोघं गेली. मग चौघं गेली. बाष्पीभवनाची आकृती पूर्ण करून मी वळले, तेव्हा ओट्यावर एकटा पिंटू उरला होता, आणि तो झोपलेला होता. कुंपणापलीकडे झोपाळ्याच्या कड्या करकरत होत्या आणि मुलं खिदळत होती.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झाले त्या वर्षापासून आमच्या ओट्यावर रविवारचा वर्ग भरत असे. फी नाही, हजेरी नाही. भिंगाने कागद जाळायचा, लिंबाच्या रसाने गुप्त अक्षरं लिहायची, असं चालायचं. कॉलनीतली पोरं खेळ सोडून यायची. आणि आता त्यांना अर्ध्या तासात तहान लागत होती.

शेजारच्या कौसल्याताई भंगाळे कधी शाळेत शिकवायला गेल्या नव्हत्या. त्यांचे यजमान, भंगाळे गुरुजी, माझ्याच शाळेत होते. मी मुलांना तीस वर्षं शिकवलं आणि 'बाई'च राहिले. त्यांनी दोन उन्हाळे पन्हं पाजलं आणि त्या 'आजी' झाल्या.

आमची शिक्षक कॉलनी गावाबाहेर, केळीच्या जुन्या मळ्यावर उभी राहिली होती. सुरुवातीला घरं कमी आणि पाणी रग्गड. प्रत्येकाने आपापल्या अंगणात बोअर मारलं. दोनशे फुटांवर पाणी लागलं की सगळे थांबले. एकटे भंगाळे गुरुजी गाडीवाल्याला म्हणाले, "अजून जाऊ द्या खाली." लोक हसले. गुरुजी वर्षभरात गेले. मग घरं वाढली, घरांवर मजले चढले, आणि एकेक बोअर धाप टाकत बंद पडलं. आमचंही पडलं. नगरपालिकेचं पाणी आठवड्यातून एकदा यायचं, तेही तासभर. सगळ्या कॉलनीत चालू होतं ते एकच बोअर, कौसल्याताईंचं.

ताईंनी फाटक सताड उघडं ठेवलं. सकाळ-संध्याकाळ मोटर लावायच्या आणि नळाला लांब नळी जोडून द्यायच्या. ज्याला हवं त्याने हंडे भरावेत. कधी कुणाला बोलून दाखवलं नाही, कधी तोंड वाकडं केलं नाही. रोज सकाळी त्या बोअरच्या पाईपला हळद-कुंकू वाहायच्या आणि म्हणायच्या, "यांच्या पुण्याईचं पाणी आहे. माझं काय आहे त्यात?"

हेच मला सोसत नव्हतं. बाईने थोडी मिजास केली असती तर मला किती बरं वाटलं असतं!

माझ्या अंगणात माझा प्रयोग उभा होता. दोन वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात मी आणि वर्गातल्या मुलांनी आमच्या गच्चीचं पावसाचं पाणी आमच्या कोरड्या बोअरमध्ये सोडलं होतं. मध्ये एक पिंप, त्यात खडी, कोळसा, वाळू. वाळू मुलांनी डब्याडब्याने वाहून आणली होती. मी त्यांना सांगितलं होतं, "आपण जमिनीला पाणी दिलं, की जमीन आपल्याला देते. बघाच तुम्ही."

दोन पावसाळे ओतलं. बोअरमध्ये खडा टाकला की खाली नुसतं 'टक्' व्हायचं. ओजस कान लावून ऐकायचा आणि मान हलवायचा. पुढे पुढे मुलांनी खडे टाकणंही सोडलं.

सोसायटीचे अध्यक्ष अत्तरदे साहेब बँकेतून निवृत्त झालेले होते. ते मला भर रस्त्यात म्हणाले होते, "बाई, तुमचं म्हणजे बुड फुटलेला रांजण भरणं चाललंय."

त्या रविवारी संध्याकाळी तेच अत्तरदे साहेब आमच्याकडे आले. खुर्चीच्या टोकावर बसले. कुणाकडून काही काम करून घ्यायचं असलं की ते असे टोकावर बसत.

"पुढच्या रविवारी सभा आहे, बाई. कौसल्याताईंचा सत्कार करायचा ठरलंय."

"करायलाच हवा," मी म्हटलं.

"मानपत्र तुम्ही लिहा. तुमच्यासारखी भाषा दुसऱ्या कुणाची आहे इथे?"

आतल्या खोलीत आमचे हे वर्तमानपत्र वाचत होते. ते वर्तमानपत्र जरा जोरात सळसळलं.

"आणि माझा अर्ज?" मी विचारलं. प्रत्येक घराने गच्चीचं पाणी जमिनीत सोडावं असा नियम करा, म्हणून मी दोनदा लिहून दिलं होतं.

"तोही घेऊ ना. पण खरं सांगू का? लोक म्हणतात, कशाला फोडाफोड करायची घरांची? ताईंचं बोअर आहे की. मागच्या मळ्यात तीन इमारती येताहेत, त्यांनाही ताई पाणी द्यायला तयार आहेत."

"तीन इमारतींना? एका बोअरवर? आणि ते आटलं तर?"

"असं अभद्र बोलू नका हो. उलट वाढलंय त्यांचं पाणी. तीन वर्षांपूर्वी मे महिन्यात मोटर हवा ओढायची. मागच्या मेमध्ये ताईंनी बागेला पाणी घातलं." साहेब उठले. "आणि राग मानू नका, पण तुमचं बोअर तर भरलं नाही ना अजून? मग लोकांना काय दाखवायचं?"

ते गेल्यावर हे बाहेर आले. "मानपत्र लिहिणार?"

"लिहिणार नाही तर काय करणार? नाही म्हटलं तर काय दिसेल?"

"जे आहे ते दिसेल," हे म्हणाले आणि परत आत गेले.

मी मानपत्र लिहिलं. चांगलं लिहिलं. 'ज्यांच्या अंगणातला झरा कधीही आटणार नाही' असं एक वाक्य तर इतकं सुरेख जमलं, की मला स्वतःचाच राग आला.

गुरुवारी नगरपालिकेचं पाणी आलं. थंडी संपली होती. घरातल्या गोधड्या धुऊन ठेवायच्या होत्या. ह्यांनी आठवडे बाजारातून धुण्याची सुटी पावडर आणली होती, स्वस्तात मिळाली म्हणून भली मोठी पिशवी. तिला केवड्याचा वास होता आणि तो इतका उग्र होता, की पिशवी उघडली तेव्हा मांजर घराबाहेर पळालं. मी सगळ्या गोधड्या गच्चीवर नेल्या, भरपूर पावडर टाकून पायांनी तुडवल्या, आणि त्याच फेसाळ पाण्याने खराट्याने गच्ची घासून काढली, कारण दुसऱ्या दिवशी कुरडया घालायच्या होत्या. एका पाण्यात दोन कामं, हा आमच्या घरचा नियम. मग नळीने सगळं खळखळून धुतलं. गच्ची आरशासारखी झाली.

शुक्रवारी सकाळी मी कुरडईचा सोऱ्या हातात धरून गच्चीवर उभी असताना खाली एकच गलका झाला.

"ताई, मोटर बंद करा! अहो, हे काय येतंय?"

मी कठड्यावरून वाकून पाहिलं. कौसल्याताईंच्या नळीतून पांढरा फेस येत होता. हंडे फेसाने भरले होते आणि वरून ओघळत होते. ओजसने फेसाची दाढी लावली होती आणि त्याची आई त्याला धपाटे घालत होती. बायका हंडे घेऊन मागे सरकल्या होत्या, जणू नळातून साप निघाला होता. ताई मध्येच उभ्या होत्या, पदर तोंडाला लावून.

मला काय वाटलं ते सांगते. मला गोड वाटलं. सणाच्या दिवशी जेवणाच्या आधीच कुणीतरी हातावर बेसनाचा लाडू ठेवावा, तसं.

"मळ्यातल्या इमारतीवाल्यांचं काम!" कुणीतरी ओरडलं. "त्यांनी काहीतरी रसायन सोडलंय."

"पोलिसात द्या!"

मी सोऱ्या ठेवला, हात पुसले आणि खाली उतरले. शेजारधर्म म्हणून गेले, असं मी स्वतःला सांगितलं. कित्येक महिन्यांनी मी ते फाटक ओलांडत होते. माझ्यासाठी ह्यांनीच हंडे आणायचे, असं आमच्याकडे न बोलता ठरलेलं होतं.

"बघा ना बाई," ताई म्हणाल्या. "असं कधी झालं नव्हतं हो. माझ्या हातून काय चुकलं?"

मी ओंजळ पुढे केली. फेस तळहातावर आला. मी तो नाकाशी नेला.

केवडा.

मी तशीच परत फिरले. घरी आले, जिना चढले, गच्चीच्या कोपऱ्यात गेले. पाईपाला तिथे एक कॉक होता. एका बाजूला फिरवला की पाणी गटारात, दुसऱ्या बाजूला फिरवला की बोअरमध्ये. पावसाळ्यानंतर तो गटाराकडे फिरवायचा असतो, हे मी मुलांना तीनदा शिकवलं होतं. कॉक बोअरकडे होता.

मी तिथेच ओल्या कठड्यावर बसले. हे वर आले.

"काय झालं गं?"

"केवडा," मी म्हटलं.

ह्यांनी पाईपाकडे पाहिलं, मग कुंपणापलीकडे पाहिलं. रेल्वेत सिग्नलच्या खात्यात काम केलेला माणूस. इथे दाबलं की तिथे दिवा लागतो, हे त्यांना समजायला वेळ लागला नाही.

"म्हणजे आपलं पाणी..."

"आपलं बोअर दोनशे फूट, त्यांचं पाचशे. आपण ओततो, ते कातळाच्या भेगेतून खाली सरकतं आणि त्यांच्या बोअरला जाऊन मिळतं." मला रडू येत होतं. "दोन पावसाळे मी ओतलं, आणि पुण्याई त्यांची! माझ्याच पाण्याचं पन्हं करून त्यांनी माझी पोरं नेली."

"मग तुझा प्रयोग यशस्वी झाला की!" हे म्हणाले.

त्या क्षणी मला ते अजिबात ऐकायचं नव्हतं.

रविवारपर्यंत नळाला पुन्हा स्वच्छ पाणी आलं. फेसाचं खापर इमारतीवाल्यांच्या मुकादमावर फुटलं आणि लोक ते विसरलेही. सभा गणपतीच्या देवळासमोरच्या मंडपात होती. पुढे सतरंजीवर मुलं, मागे खुर्च्यांवर मोठी माणसं. कौसल्याताई नव्या लुगड्यात, मान खाली घालून बसल्या होत्या. अत्तरदे साहेबांनी शाल-श्रीफळ दिलं. टाळ्या झाल्या. मग त्यांनी जाहीर केलं की छताच्या पाण्याच्या अर्जाची आता गरज उरलेली नाही, कारण ताईंनी नव्या इमारतींनाही पाणी द्यायचं कबूल केलं आहे. पुन्हा टाळ्या झाल्या.

"आता फिरकेबाई मानपत्र वाचतील."

मी उभी राहिले. वाचायला सुरुवात केली. माझा आवाज वर्गात कमावलेला. मुलंही गप्प झाली. 'ज्यांच्या अंगणातला झरा' इथपर्यंत आले आणि थांबले. समोर भैरवी बसली होती. माझ्या तोंडून आलेलं वाक्य ती घरी जाऊन वहीत लिहून काढायची.

"पुढचं वाक्य खोटं आहे," मी म्हटलं.

मंडपात कुजबुज झाली.

"ताईंचा झरा आटणार आहे. आधीच आटत आला होता. तीन इमारतींना पाणी दिलं तर फार लवकर आटेल. त्यात पाणी वाढलं ते आमच्या गच्चीवरून जातंय म्हणून. परवाचा फेस रसायनाचा नव्हता. माझ्या गोधड्यांचा होता."

आधी कुणीतरी हसलं. मग सगळेच हसले. अत्तरदे साहेब उभे राहिले. "बाई, बाई, आज सत्काराचा दिवस आहे..."

पण कौसल्याताई उठल्या होत्या. शाल खांद्यावरून घसरली तरी त्यांचं लक्ष नव्हतं.

"बाई, माझं सगळं तुम्हाला खुपतं, हे मला ठाऊक आहे," त्या म्हणाल्या. "पोरं माझ्याकडे येतात ते खुपतं. लोक माझं नाव घेतात ते खुपतं. मी कधी बोलले नाही. पण यांच्या पुण्याईवरही हात टाकाल असं वाटलं नव्हतं. जळता तुम्ही माझ्यावर."

"जळते," मी म्हटलं. "दोन वर्षं जळतेय. पण गोधड्या माझ्याच होत्या, ताई."

आता कुणी हसलं नाही.

"खरं-खोटं करून बघू या की!" ओजस सतरंजीवरून ओरडला. "बाई म्हणतात, वाद घालू नका, करून बघा!"

"करा," ताई म्हणाल्या. "काय करायचं ते करा. माझं पाणी कुणाच्या बापाला भीत नाही."

मीठ टाकायचं ठरलं, कारण मीठ चवीला कळतं आणि पोटाला बाधत नाही. जाड्या मिठाचं पोतं आणलं. दुसऱ्या दिवशी मुलांनी आमच्या अंगणात पिंपांमध्ये मीठ विरघळवलं आणि अर्धी कॉलनी बघत असताना बोअरमध्ये सोडलं. ताईंनी कुंपणापलीकडून सगळं पाहिलं. त्या दिवशी त्यांनी मोटर लावली नाही.

मंगळवारी सकाळी त्यांच्या अंगणात माणसं मावेनात. ताईंनी आधी पाईपाला हळद-कुंकू वाहिलं, मग मोटर लावली. पाणी आलं, नितळ, काचेसारखं. त्यांनी फुलपात्र भरलं आणि सगळ्यांच्या देखत एक घोट घेतला. त्यांचा चेहरा हलला नाही.

"गोड आहे," त्या म्हणाल्या.

लोकांनी माझ्याकडे पाहिलं. 

"आता पोरांना द्या," अत्तरदे साहेब म्हणाले.

फुलपात्र भैरवीच्या हातात आलं. तिने घोट घेतला. तिने ताईंकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग परत ताईंकडे. त्या पोरीचं दोघींवरही प्रेम होतं, आणि तिला खोटं बोलता येत नव्हतं. तिचे डोळे भरून आले.

"आजी," ती अगदी हळू म्हणाली, "थोडं मिठाचं सरबत झालंय."

मग एकेकाने चव घेतली. खारट, खारट, खारट. अत्तरदे साहेबांनी दोनदा चव घेतली आणि रुमालाने तोंड पुसलं. मग एकेक जण वर, आपापल्या घराच्या गच्चीकडे पाहू लागला. ताईंनी मोटर बंद केली, आत गेल्या आणि दार लावून घेतलं.

मी जिंकले होते. पुढच्या रविवारी सगळी मुलं माझ्या ओट्यावर आली, कुणालाही तहान लागली नाही, आणि वर्गात मजा म्हणून आली नाही. पलीकडचा झोपाळा नुसता टांगलेला होता. फाटक उघडं होतं, नळीही लावलेली होती, पण ताई अंगणात येत नव्हत्या. बायका खाली मान घालून हंडे भरून जात होत्या. मीठ दोन-चार दिवसांत निघून गेलं होतं. पाईपावरचं कुंकू मात्र जुनंच होतं, वाळून काळपटलेलं.

वर्ग सुटल्यावर मी गेले. या वेळी शेजारधर्म वगैरे काही मनात नव्हतं. ताई स्वयंपाकघरात पाटावर बसल्या होत्या.

"एक विचारू, बाई?" त्या म्हणाल्या. "म्हणजे यांची पुण्याई नव्हतीच का? एवढी वर्षं मी नुसत्या पाईपाला हळद लावत होते?"

मी त्यांना कातळ, भेग, उतार सगळं समजावून सांगू शकले असते. तीस वर्षं तेच केलं होतं. पण समोरच्याला काय कळत नाहीये, हे आधी ओळखायचं असतं, हेही तीस वर्षांत शिकले होते.

"आम्ही सगळे दोनशेवर थांबलो," मी म्हटलं. "गुरुजी एकटे म्हणाले, अजून खाली जाऊ द्या. मी कितीही ओतलं तरी माझ्या बोअरमध्ये थेंब राहत नाही, ताई. ते साठतं ते गुरुजींच्या बोअरमध्ये." पुढचं बोलायला मला जड गेलं. "ते नसतं तर माझं सगळं पाणी मातीत गेलं असतं. कॉलनीला एक हंडा मिळाला नसता."

 ताई उठल्या, माठातलं पाणी काढून मला दिलं. मी प्यायले. खरंच माझ्या माठापेक्षा गार होतं.

"किती पाणी जातं तुमच्या गच्चीवरून?" त्यांनी विचारलं.

"पुष्कळ जातं. का हो?"

"काही नाही. सहज."

बुधवारी सकाळी ठोकाठोकीने मला जाग आली. बाहेर येऊन पाहते तर ताईंच्या भिंतीला शिडी लावलेली, वर दोन माणसं, आणि खाली ताई कमरेला पदर खोचून उभ्या.

"बाई, तुमच्या बोअरचं झाकण उघडून ठेवा," त्या कुंपणावरून म्हणाल्या. "आमचंही पाणी त्यात सोडायचंय."

"तुमचं?"

"मग काय! लोक म्हणायला नकोत, ताई फिरकेबाईंचं पाणी पितात. आमची गच्ची तुमच्या दुप्पट आहे. येत्या पावसाळ्यात बघा कुणाचं किती जातं ते." मग शिडीवरच्या माणसाला ओरडल्या, "अरे, तिरपा नको लावूस. बाईंच्यापेक्षा सरळ दिसला पाहिजे!"

समोरच्या घरातून अत्तरदे साहेब चहाचा कप घेऊन बाहेर आले. थोडा वेळ नुसते बघत राहिले. मग शिडीवरच्या माणसाला म्हणाले, "अहो, इथलं झालं की आमच्याकडे येऊन जा. आमची गच्ची या दोघींपेक्षा मोठी आहे."

आता बाहेरगावचे लोक आमची कॉलनी बघायला येतात. नव्या इमारतींसकट एकूण एक गच्चीचं पाणी जमिनीत जातं, आणि टँकर कसला असतो हे इथल्या लहान मुलांना माहीत नाही. लोक विचारतात, एवढी जागृती तुम्ही केलीत कशी? अत्तरदे साहेब त्यांना शिस्त, नियोजन असं काही काही सांगतात. मी मध्ये बोलत नाही.

त्या सकाळी मी घरात आले तेव्हा हे चहा गाळत होते.

"पाहिलंत का?" मी म्हटलं. "ताईंनी सहा इंची पाईप लावलाय."

"मग?"

"आपला किती आहे?"

"चार इंची."

मी खिडकीतून पाहिलं. माणसं शिडी आवरत होती आणि साहेबांच्या घराकडे निघाली होती.

"चहा राहू द्या," मी चपला पायात सरकवत म्हटलं. "आधी त्या प्लंबरला थांबवा."